परक्याची नजर आणि आपले डोळे

गेल्या फाल्गुनांत माकणीस गेलों होतों. माकणी हें माझें गांव. धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यांत, तेरणेच्या कांठीं. नोकरीनिमित्त आयुष्याचा मोठा भाग शहरांत गेला असला तरी वर्षाकांठीं एकदां माझे पाय तिकडे वळतातच. गांवचा मुलगा प्राध्यापक झाला म्हणजे त्याला सर्वच विषय कळतात अशी गांवकऱ्यांची एक प्रेमळ समजूत असते. तिला अनुसरून या खेपेस मुलांच्या चित्रकलास्पर्धेच्या परीक्षकाच्या खुर्चीवर मला बसविण्यांत आलें. विषय होता ‘माझें गांव’. साठांच्या वर चित्रें आलीं होतीं. तीं एकामागून एक पाहूं लागलों, आणि दहा-बारा चित्रें होतात न होतात तोंच माझ्या लक्षांत आलें कीं, मी निरनिराळीं चित्रें पाहत नसून एकच चित्र पुनःपुन्हा पाहत आहें. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या खिंडींतून उगवणारा सूर्य, तेथूनच नागमोडी वळणें घेत उतरणारी निळी नदी, तिच्या तीरावर कौलारू झोपडी, झोपडीशेजारीं नारळाचें झाड आणि आकाशांत चार पक्षी. हें चित्र वाचकांच्या ओळखीचें आहे. कदाचित् त्यांनीं स्वतःही तें लहानपणीं काढलें असेल.

आतां, माकणीच्या आसमंतांत असले सुळकेदार डोंगर नाहींत आणि नारळीच्या बागाही नाहींत. तेथील घरांवर उतरतीं कौलें कधींच नव्हतीं. जुनीं घरें माळवदाचीं, म्हणजे सपाट धाब्याचीं होतीं. नवीं सिमेंटच्या छपराचीं आहेत, म्हणजे पुन्हा सपाटच. तेरणा कांहीं कड्यांवरून उड्या घेत येत नाहीं. ती पठारावरून संथपणें वाहत येते, आणि माकणीस तर निम्न तेरणा धरणानें तिला अडवून धरलें आहे. म्हणजे ‘माझें गांव’ या मथळ्याखालीं मुलांनीं जें काढलें होतें, तें त्यांचें गांव सोडून दुसरें कोणतेंही गांव असूं शकलें असतें.

याला एकच अपवाद होता. सातवींतल्या एका मुलीनें कागदाच्या मधोमध एक आडवी रेघ ओढली होती. रेघेखालीं काळपट तपकिरी रंग आणि त्यांत कापलेल्या ज्वारीचीं धसकटें. रेघेवर फिकट, जवळ जवळ पांढरेंच आकाश. एका कडेला एकुलती एक बाभूळ, आणि दूर, पेन्सिलीनें काढलेली धरणाची भिंत. बस्स. माझे सहपरीक्षक चित्रकलेंतले जाणते होते. त्यांनीं चित्र हातांत घेऊन निरखलें आणि म्हणाले, “हात चांगला आहे, पण यांत निसर्ग कोठें आहे?” मीं थोडी कुरकुर केली, पण वाद घातला नाहीं. आपण चित्रकार नाहीं, पाहुणे आहों, कशाला उगाच? असें मनाशीं म्हटलें. पहिलें बक्षीस दोन डोंगरांना मिळालें, आणि निकालपत्रावर मींही सही केली. ती सही मला तेव्हांपासून डांचत आहे. हा लेख त्या सहीचें प्रायश्चित्त समजावा.

माझ्या सहपरीक्षकांस दोष देण्याचा माझा हेतु नाहीं. ते जें बोलले तें आपणां सर्वांचें मत आहे. ‘आमच्याकडे पाहण्यासारखें काय आहे?’ हें वाक्य मराठवाड्यांतील सुशिक्षित माणूस पाहुण्यासमोर इतक्या सहजपणें उच्चारतो कीं, त्यांत आपण आपल्या भूमीची निंदा करीत आहों हें त्याच्या ध्यानींही येत नाहीं. निसर्ग म्हणजे कोंकण, महाबळेश्वर, पावसाळ्यांतला सह्याद्रि. निसर्ग पाहण्यास रजा काढून जावें लागतें, तो घरीं नसतो. आपल्या दिनदर्शिका, आपल्या दिवाणखान्यांतल्या तसबिरी आणि आपले सहलीचे बेत या सर्वांनीं हीच व्याख्या पक्की केली आहे. दुरून डोंगर साजरे, असें आपले पूर्वज म्हणत. त्यांत निदान डोंगराच्या खोटेपणाबद्दल एक मिस्किल सावधगिरी होती. आम्हीं त्या म्हणींतून एवढेंच उचललें कीं, साजरें तें सारें दूर असतें.

माझें म्हणणें असें आहे कीं, हा भूमीचा दोष नसून डोळ्यांचा आहे. ज्या भूमीकडे कोणी मन लावून पाहिलें, आणि ज्याचें पाहणें कागदावर उतरून चार लोकांच्या दृष्टीस पडलें, ती भूमि सुंदर आहे असें मागाहून सर्वांनाच दिसूं लागतें. जिच्याकडे कोणीच पाहिलें नाहीं ती ओसाड ठरते. हा नुसता तर्क नाहीं. एका अख्ख्या राष्ट्राच्या बाबतींत हें घडून आलेलें आहे, आणि त्याचा इतिहास आपणांस उद्बोधक होण्यासारखा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंतील शिकलेले लोक आपल्या देशाबद्दल आमच्यासारखेंच बोलत. आमच्याकडे रोम नाहीं, पडके किल्ले नाहींत, काव्यांत गाइलेल्या नद्या नाहींत. आहे तें नुसतें रान. चित्र काढावयाचें तर युरोपांत जावें, अशी त्यांची समजूत होती. या समजुतीला उत्तर म्हणून टॉमस कोल या चित्रकारानें १८३६ सालीं अमेरिकेंतील सृष्टिसौंदर्यावर एक निबंध लिहिला आणि हडसन नदीच्या खोऱ्यांत हिंडून तेथलीं चित्रें काढलीं. त्याच्या मागून जी चित्रकारांची मालिका उभी राहिली तिला हडसन नदीचा संप्रदाय म्हणतात. आतां गंमत पाहा. अमेरिकेला अमेरिका दाखविणारा हा कोल जन्मानें इंग्लंडचा. त्याच परंपरेंतला, पश्चिमेकडील पर्वतांचीं प्रचंड चित्रें रंगविणारा बीरस्टाट जर्मनींत जन्मलेला. यलोस्टोनच्या दऱ्या रंगविणारा टॉमस मोरान पुन्हा इंग्लंडचाच. आणि ज्याची कथा मला विशेष सांगावयाची आहे तो रेजीस फ्रान्स्वा जिन्यू हा तर फ्रेंच.

जिन्यू १८१४ सालीं लियाँ येथें जन्मला. पॅरिसच्या कलाशाळेंत पॉल देलारोश या नामांकित चित्रकाराच्या हाताखालीं तो शिकला. देलारोशचा लौकिक ऐतिहासिक प्रसंगचित्रांचा. पण शिष्याची ओढ भूदृश्याकडे होती. १८४० सालीं तो अमेरिकेस गेला, न्यूयॉर्कशेजारच्या ब्रुकलिन येथें राहिला आणि तीस वर्षें तेथेंच चित्रें काढीत होता. त्यानें विषय कोणता निवडावा? हिंवाळा! ज्या ऋतूंत माणसें दारें लावून शेगडीपाशीं बसतात, झाडांना पान नसतें आणि शेतें एका रंगाचीं होऊन जातात, तो ऋतु त्यानें आपलासा केला. गोठलेले ओढे, बर्फाखालचीं खेडीं, हिंवाळ्यांतला नायगारा हीं त्याच्या नांवाशीं कायमचीं जोडलीं गेलीं. व्हर्जिनिया आणि उत्तर कॅरोलिना यांच्या सीमेवर एक विस्तीर्ण दलदल आहे. तिचें नांवच मुळीं ‘उदास दलदल’ अशा अर्थाचें. १८५० सालीं जिन्यूनें तिचेंही चित्र काढलें. लोकांनीं उदास म्हणून टाकून दिलेल्या जागेंत या परक्यास चित्राचा विषय दिसला, आणि त्यानें दाखविल्यावर तो त्या लोकांनाही दिसला. १८५१ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय कला-अकादमीनें त्याला सभासद करून घेतलें. ब्रुकलिनच्या कलासंस्थेनें त्याला आपला पहिला अध्यक्ष केलें. १८७० सालीं तो फ्रान्सला परतला आणि १८८२ सालीं पॅरिस येथें वारला. तरीही अमेरिकेच्या कलेतिहासांत तो अमेरिकन चित्रकार म्हणूनच गणला जातो. ‘तूं कोठें जन्मलास?’ हा प्रश्न त्यांनीं त्याला विचारला नाहीं असें नव्हे. पण ‘तूं काय पाहिलेंस?’ हा प्रश्न त्यांस अधिक महत्त्वाचा वाटला.

कोणी म्हणेल, अमेरिकेचें नशीब थोर. तिला पाहणारा परका तरी भेटला, आमच्या या कोरड्या मुलखांत कोण येणार? याचें उत्तर असें कीं, आमच्या मुलखांतही तो आला होता. तो आमच्या दाराशीं राहून गेला आणि आम्हांला त्याचा पत्ता नाहीं.

फिलिप मेडोज टेलर हें नांव इंग्रजी वाचणाऱ्या मंडळींस ठाऊक असतें तें १८३९ सालीं निघालेल्या त्याच्या ठगांवरील कादंबरीमुळें. तो १८०८ सालीं लिव्हरपूल येथें जन्मला. १८२४ सालीं, वयाच्या सोळाव्या वर्षाच्या आंत, एका व्यापाऱ्याच्या पेढीवर उमेदवारी करण्यासाठीं तो मुंबईस उतरला. पेढी बुडण्याच्या बेतांत होती. म्हणून खटपट करून त्यानें निजामाच्या फौजेंत जागा मिळविली आणि पुढें १८६० पर्यंतचें बहुतेक आयुष्य दख्खनच्या पठारावर घालविलें. कॉलेजाचें तोंड न पाहिलेल्या या माणसानें कायदा, जमीनमोजणी, भाषा, भूस्तरशास्त्र, पुराणवस्तुसंशोधन या सर्वांत आपणच आपला गुरु होऊन गति मिळविली. आणि या सर्वांबरोबर तो पेन्सिल व रंगही हाताळीत असे. १८३७ सालीं, म्हणजे ठगांच्या कादंबरीच्याही दोन वर्षें आधीं, दख्खनमध्यें काढलेल्या त्याच्या चित्रांचा संग्रह शिळाछापावर छापून लंडनमध्यें प्रसिद्ध झाला होता. कोलच्या निबंधानंतर अवघ्या एका वर्षाची ही गोष्ट आहे. म्हणजे तिकडे हडसनचें खोरें प्रथमच नीट पाहिलें जात होतें, त्याच सुमारास इकडे हें पठारही कोणी तरी वहींत उतरवून घेत होता.

पुढें १८५३ सालच्या तहानें निजामानें वऱ्हाड, रायचूरचा दुआब आणि नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख इंग्रजांकडे तोडून दिला, तेव्हां नळदुर्गच्या जिल्ह्याचा कारभार टेलरकडे आला. आज ज्याला आपण धाराशिव जिल्हा म्हणतों त्याचा पुष्कळसा भाग त्यांत होता. १८५७ सालीं त्याची वऱ्हाडांत बुलढाण्यास रवानगी होईपर्यंत तो येथें होता. बोरी नदीला किल्ल्याच्या तटांतच बांध घालून त्या बांधाच्या पोटांत उभारलेला पाणीमहाल, पावसाळ्यांत त्याच्यावरून कोसळणारे नर-मादी धबधबे, आणि बालाघाटाच्या कडेवर बसलेलें, पायथ्याच्या सोलापुरी मैदानाकडे पाहणारें तुळजापूर हीं त्याच्या रोजच्या पाहण्यांतलीं स्थळें झालीं. इंग्लंडला परतल्यावर त्यानें १८६३ सालीं ‘तारा’ नांवाची कादंबरी प्रसिद्ध केली. तिची पार्श्वभूमि शिवाजीमहाराज आणि अफझलखान यांच्या काळची असून नायिका तुळजापूरची आहे. ज्या मुलखाला आम्ही ‘पाहण्यासारखें काय आहे’ म्हणून झटकतों, तो मुलूख या माणसाला तीन हजार कोसांवरून आठवत राहिला, आणि हातांतली पेन्सिल सुटल्यावर त्यानें तो लेखणीनें रंगविला. १८७६ सालीं त्याचें निधन झालें, तेंही योगायोगानें फ्रान्समध्येंच, मेंतों या गांवीं.

टेलर हा जिन्यूच्या तोडीचा चित्रकार होता असें माझें म्हणणें नाहीं. तो हौशी होता, चित्रकलेवर त्याचें पोट नव्हतें. चित्राच्या गुणांनीं पाहिलें तर त्याचें स्थान मध्यमच ठरेल. माझा मुद्दा निराळा आहे. धंदेवाईक चित्रकार नसलेला, आधींच कामानें वांकलेला एक परका अंमलदार ज्या भूमीकडे मान वर करून पाहूं शकला, तिच्याकडे पाहण्यास आमच्यांतील शिकलेल्यांस आजवर फुरसत झालेली नाहीं. आणि त्यानें पाहिलेलेंही आम्ही पाहिलेलें नाहीं. ठगांची कादंबरी आम्हांस ठाऊक आहे, कारण तींत खून आहेत. चित्रांत नुसती जमीन आहे. ती कोणाला हवी?

येथें कोणी असें विचारील कीं, परक्यानें चित्रें काढलीं म्हणून आमच्या लोकांनीं काय करावयास हवें होतें? जें अमेरिकनांनीं केलें तें. जिन्यूच्या हाताखालीं जॉर्ज इनेस नांवाचा एक तरुण शिकला. शिकला म्हणजे किती? फार तर महिनाभर. पण त्या महिन्याचें त्यानें सोनें केलें. पुढें तो गुरूला मागें टाकून अमेरिकेचा श्रेष्ठ भूदृश्यचित्रकार झाला, आणि शिष्यामुळें गुरूचें नांव राहिलें. परक्याची नजर एका देशी डोळ्यांत उतरली आणि तेथें ती देशी झाली.

आमच्याकडेही असा शिष्य झाला होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्याच्या दरबारीं चार्ल्स मॅलेट हा इंग्रजांचा वकील असतां जेम्स वेल्स नांवाचा स्कॉटिश चित्रकार तेथें येऊन राहिला. गंगाराम चिंतामण तांबट नांवाचा एक मराठी कारागीर या दोघांसाठीं चित्रें काढीत असे. कार्ले आणि वेरूळ येथील लेण्यांचीं त्यानें काढलेलीं चित्रें इतकीं नेटकीं आहेत कीं, पाहणारा थक्क होतो. १७९५ सालीं वेल्स वारला. मॅलेट विलायतेस गेला आणि कागदही त्याच्याबरोबर गेले. इनेसचीं चित्रें अमेरिकेच्या संग्रहालयांतून मानानें टांगलेलीं आहेत. आमच्या गंगारामाचीं पाहावयाचीं तर तींही अमेरिकेसच, येल विद्यापीठाच्या संग्रहांत जाऊन पाहावीं लागतात. पुण्यांतल्या किती सुशिक्षित घरांतून हें नांव कधीं उच्चारलें गेलें आहे? परका गुरु परत गेला हा त्याचा अपराध नव्हे. शिष्य घरचा होता, त्याला आम्ही विसरलों हा अपराध आमचा आहे.

आतां मुख्य आक्षेपाकडे वळतों, कारण तो वजनदार आहे आणि माझे पुष्कळ तरुण विद्यार्थी तो पोटतिडकीनें मांडतात. ते म्हणतात, सर, टेलरची नजर ही राज्यकर्त्याची नजर होती. जो हात सकाळीं जमीन मोजून तिच्यावर सारा बसवितो तोच हात संध्याकाळीं तिचें चित्र काढतो. त्या चित्राचें कौतुक आम्हीं काय म्हणून करावें? कंपनीच्या लष्करी विद्यालयांत चित्रकला शिकवीत ती काय सौंदर्यासाठीं? ती मुलखाचे आणि किल्ल्यांचे आराखडे टिपून घेण्यासाठीं. यावर ते अमेरिकेचाही दाखला देतात, आणि तो खरा आहे. त्या चित्रकारांनीं जी निर्मनुष्य, अस्पर्श भूमि रंगविली तींत माणसें हजारों वर्षें राहत होतीं. चित्रांतून तीं पुष्कळदां गळालीं, आणि प्रत्यक्षांतून हुसकावलीं गेलीं. मोरान यलोस्टोनला गेला तो १८७१ सालच्या सरकारी पाहणीपथकाबरोबर. १८७२ सालीं त्या प्रदेशाचें राष्ट्रीय उद्यान झालें, त्यांत मोरानच्या चित्रांचा वाटा होता, आणि त्याच वर्षीं अमेरिकेच्या काँग्रेसनें त्याचें एक भव्य चित्र दहा हजार डॉलरांस विकत घेतलें. भूमि वांचली, पण तेथल्या मूळच्या रहिवाशांना तींत जागा उरली नाहीं.

हें सर्व मला मान्य आहे. परक्याच्या नजरेंत हेतु असतो आणि तिला कांहीं दिसतें तसें कांहीं दिसत नाहीं. पण यावरून निष्कर्ष काय काढावयाचा? परक्यानें एकांगी पाहिलें म्हणून आपण डोळेच मिटून घ्यावे काय? त्यानें भूमि पाहिली आणि माणूस गाळला, हा दोष आपण भूमि आणि माणूस दोन्ही न पाहून कसा भरून काढणार? वांकड्या नजरेला उत्तर दुसऱ्या सरळ नजरेनेंच देतां येतें. टेलरनें जें गाळलें तें काढून दाखविणारा एक तरी चित्रकार या खोऱ्यांत आपण तयार केला असता, तर टेलरला खोडून काढण्याचा अधिकार आपणांस पोंचला असता. आज आपण त्याला नाकारतों तें अज्ञानाच्या बळावर. त्याचीं चित्रें पाहून, मापून, उणीं ठरवून नव्हे. आणि दुर्दैव असें कीं, त्याला नाकारणारेच आपल्या मुलांच्या हातीं दोन डोंगर आणि नारळाचें झाड देतात. तें चित्र कोणत्या स्वदेशांत पिकलें?

दुसरा आक्षेप व्यवहारी लोकांचा. ते म्हणतात, आतां खिशाखिशांत कॅमेरा आहे. चित्राची गरजच काय? या आक्षेपाचें उत्तर मी तर्कानें देणार नाहीं, एका आठवणीनें देईन.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. अनंतचतुर्दशीचें विसर्जन आटोपून माणसें नुकतीं निजलीं होतीं. चार वाजण्यास चार मिनिटें असतां किल्लारीच्या परिसरांत जमीन हादरली. तेरणेच्या दोन्ही अंगांचीं गांवें क्षणार्धांत भुईसपाट झालीं, आणि सात हजार नऊशेंवर माणसें गेलीं. जीं घरें पिढ्यान् पिढ्या सांवली देत आलीं त्यांनींच माणसांना मारलें. दगड-मातीच्या हात-दोन हात रुंदीच्या भिंती, वर लांकडी खणांवर घातलेला पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यांत असें घर थंडगार असे, पण त्या रात्रीं सारें वजन निजलेल्या माणसांवर आलें. पुढें बावन्न गांवें नव्या जागीं वसविण्यांत आलीं. सरळ रस्ते, सारख्या आकाराचीं घरें. तें योग्यच झालें; त्या मातीच्या घरांत पुन्हा जाऊन राहा असें कोणता माणूस म्हणेल?

माझ्या एका मावशीचें घर अशाच एका गांवीं होतें. ती वांचली. सात-आठ वर्षांनीं मी तिच्या नव्या घरीं गेलों असतां तिच्या नातवानें विचारलें, “आजी, जुनं गांव कसं होतं?” तिनें सांगण्याचा प्रयत्न केला. वेस, वेशीवरचा पिंपळ, गढीचा बुरूज, आडाकडे उतरणारी गल्ली. सांगतां सांगतां तिला शब्द पुरेनात. तेव्हां तिनें चुलींतली राख जमिनीवर पसरली आणि बोटानें गांव काढूं लागली. राखेंतला पिंपळ तिला नीट जमेना. तिनें तो तीनदां पुसला. मी शेजारीं बसलों होतों. मला त्या गांवाचें एकही चित्र ठाऊक नव्हतें जें मी तिच्यापुढें ठेवूं शकलों असतों.

छायाचित्रें होतीं कीं, असें कोणी म्हणेल. होतीं. भूकंपानंतरचीं शेंकडों. गांव पडल्यावर कॅमेरे आले. उभें असतां एकही आला नाहीं. त्याच्या आधींचीं छायाचित्रें म्हणजे लग्नांतलीं आणि तालुक्याच्या स्टुडिओंतलीं. मावशीच्या पेटींत तिचें आणि काकांचें एक निघालें. दोघें ताठ उभीं आहेत आणि त्यांच्या मागें रंगविलेला पडदा आहे. पडद्यावर काय? निळा तलाव, हंस, कारंजें, आणि मागें दोन डोंगर! तेरणेकांठच्या माणसांचें आयुष्यांतलें एकुलतें एक चित्र, आणि त्यांतही त्यांच्या मागें तेरणा नाहीं. कॅमेरा होता, पण पाहण्यासारखें कोठें उभें राहावें हें कॅमेरा सांगत नाहीं. तें आधीं डोळ्यांना शिकावें लागतें, आणि तें शिकविण्याचें काम चित्रकाराचें आहे. मला जर कोणी विचारलें कीं, भूदृश्याच्या चित्रावांचून समाजाचें काय अडतें, तर मी त्याला त्या राखेकडे बोट दाखवीन.

आमच्या भाषेंत गांवाचे दोन भाग आहेत, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे कसण्याची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. ज्या लोकांनीं आपल्या साऱ्या जगाला दोन रंगांचीं नांवें दिलीं त्यांना रंग दिसत नव्हते असें कोण म्हणेल? चैत्रांत माकणीच्या माळावर उभें राहून पाहावें. नांगरलेली काळी दुपारीं जांभळट दिसते. धसकटांचा पिवळा रंग सकाळीं एक आणि संध्याकाळीं दुसराच. धरणाचें पाणी ओसरलेल्या कांठावर ओल्या गाळापासून भेगाळलेल्या मातीपर्यंत करड्या रंगाच्या दहा छटा एकाखालीं एक उतरलेल्या असतात. कडब्याच्या गंजी, लिंबाची कोंवळी तांबूस पालवी, एखाद्या बांधावर पेटलेला पळस, आणि या सर्वांवर एवढें मोठें आकाश, जें डोंगरांच्या मुलखांत पाहावयास मिळत नाहीं. जिन्यूनें हिंवाळ्यांत जें पाहिलें तें आमच्या उन्हाळ्यांत पाहणारा कोणी नाहीं, एवढाच काय तो फरक. कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांनीं आपल्या घराजवळचें कोटितीर्थाचें तळें पुनःपुन्हा रंगविलें. आज तें तळें पाहणाऱ्यास आबालाल आठवतात. तेरणेला तिचा आबालाल मिळालेला नाहीं.

तेव्हां माझें मागणें असें. चित्रकलेच्या शिक्षकांनीं वर्षांतून चार तास तरी मुलांना वर्गाबाहेर न्यावें आणि समोर दिसेल तेंच काढण्यास सांगावें. नारळाचें झाड दिसल्यासच काढावें. आमच्या कलाशाळांच्या सहली कोंकणांत आणि घाटांत जातात त्या जाव्यात. पण एखादी चैत्रांत इकडेही यावी. टेलरच्या दख्खनच्या चित्रांच्या प्रती धाराशिवांत आणि नळदुर्गांत लोकांना दिसतील अशा ठिकाणीं लावाव्या, म्हणजे ज्यांना त्याच्याशीं भांडावयाचें आहे त्यांना तीं पाहून भांडतां येईल. आणि आपण, जीं घरें पुस्तकें व मासिकें विकत घेतात त्यांनीं, दिवाणखान्यांतल्या एका भिंतीवर तरी आपल्या गांवचें चित्र लावावें. तें मिळत नसेल तर काढवून घ्यावें.

स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशीं मी त्या मुलीच्या घरीं गेलों. क्षमा मागावयाची, असें मनांत होतें. प्रत्यक्षांत तसें बोलण्याचें धैर्य झालें नाहीं. चित्र भिंतीवर, दिनदर्शिकेच्या शेजारीं, चिकटवलेलें होतें. तिचे वडील शेतकरी. बक्षिसाचा विषय त्यांनीं काढला नाहीं. मीं चित्राकडे पाहत आहें असें दिसतांच ते जवळ आले आणि त्या एकुलत्या एक बाभळीवर बोट ठेवून म्हणाले, “हे आपलं खालचं रान हाय की. ही बाभळ बांधावरची. औंदा तोडायची होती, पोरगी तोडू देईना.”